इस्रायल की पॅलेस्टाईन : 'मुळात जमीन कोणाची' या प्रश्नाने काही सुटतं का?

७ ऑक्टोबर २०२३ ला गाझा पट्टीतल्या हमास या सशस्त्र पॅलेस्टिनी संघटनेने इस्रायलमधे घुसून बाराशेच्या आसपास माणसं मारली, अडीचशे लोकांना ओलीस धरून नेलं, आणि त्यानंतर गाझात जे युद्ध पेटलं त्यात तिथल्या आरोग्य खात्याच्या मोजणीप्रमाणे पन्नास हजारांच्या वर माणसं गेली, त्यात हजारो लहान मुलं. तेव्हापासून मराठीतही या विषयावर खूप लिहिलं जातंय आणि कुठलीही पोस्ट उघडा, दहाव्या कमेंटपर्यंत गाडी तिथेच येऊन थांबते, की मुळात ही जमीन कोणाची? एकजण तीन हजार वर्षांपूर्वीचा ज्यूंचा राजा दाविद काढतो, दुसरा १९४८ च्या, म्हणजे इस्रायल देश स्थापन व्हायच्या आधीचा नकाशा टाकतो, मग कोणीतरी डीएनए टेस्टचा स्क्रीनशॉट आणतो. ज्याला या सगळ्याची फारशी माहिती नाही त्याला वाटतं की हा इतिहासाचा पेपर आहे, बरोबर उत्तर आलं की भांडण मिटलं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. दोन्ही समाजांचं त्या जमिनीशी नातं खरं आहे, आणि 'आधी कोण' याचं उत्तर कितीही खोल खणलं तरी त्यातून आज कोणाला हाकलायचा हक्क कोणालाच मिळत नाही. हे का, ते पायरीपायरीने बघू.

मूळनिवासी ठरवतात कसं?

सरळ विचार केला तर जो सगळ्यात आधी आला तो. पण हे शेवटपर्यंत जात नाही कारण प्रत्येकाच्या आधी कोणीतरी असतंच. बायबलमधल्या कथेतसुद्धा इस्रायली लोक तिथे पोचतात तेव्हा कनानी लोक आधीपासून राहतायत. आणि आज उत्खनन करणाऱ्या बहुतेक अभ्यासकांचं मत असं की इस्रायली लोक बाहेरून आलेच नव्हते, त्या कनानी लोकांमधूनच हळूहळू वेगळे होत गेले. म्हणजे सुरुवातीलाच 'आधीचे' आणि 'नंतरचे' यातली रेघ पुसट होते.

संयुक्त राष्ट्रांनी या प्रश्नाला हात घातला तो १९७० च्या दशकात. इक्वेडोरचे होसे मार्तिनेझ कोबो यांच्याकडे अभ्यास सोपवला आणि त्यांनी जी कामचलाऊ व्याख्या दिली ती आजही सगळे वापरतात. त्यात 'आधी आले' एवढंच नाहीये, चार गोष्टी आहेत. आक्रमण किंवा वसाहत होण्याच्या आधीच्या समाजाशी सलग नातं हवं, त्या लोकांनी स्वतःला वेगळं मानलं पाहिजे, आपली जमीन आणि संस्कृती पुढच्या पिढीला द्यायचा त्यांचा निर्धार हवा, आणि चौथी गोष्ट जी कमेंटमधे कोणीच बोलत नाही, ती म्हणजे आज त्या देशात त्यांच्या हातात सत्ता नसली पाहिजे. न्यूझीलंडचे माओरी, ऑस्ट्रेलियातले आदिम रहिवासी, नॉर्वे-स्वीडनच्या उत्तरेतले सामी, अमेरिकेतले मूळ रहिवासी, हे लोक डोळ्यासमोर ठेवून हे लिहिलंय. दुसऱ्यांनी उभारलेल्या देशात अल्पसंख्य होऊन राहणाऱ्यांची जमीन, भाषा, जंगल वाचावं म्हणून.

१३ सप्टेंबर २००७ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मूळनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा पास झाला, १४४ देश बाजूने, विरोधात फक्त चार आणि ते चार म्हणजे अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड (नंतर चौघांनीही पाठिंबा दिला). त्या जाहीरनाम्यात मूळनिवासीची व्याख्याच नाहीये, मुद्दाम ठेवली नाही, कारण एक व्याख्या केली की कोणीतरी खरा माणूस बाहेर राहतो आणि कोणीतरी भलताच आत शिरतो. भारताने बाजूने मत दिलं पण आपल्या सरकारची भूमिका अशी की स्वातंत्र्यानंतर सगळेच भारतीय मूळनिवासी. त्यावर पुढे येते.

सांगायचा मुद्दा हा की ही कल्पना दुबळ्याला कायद्याचं संरक्षण मिळावं म्हणून तयार झाली. 'आम्ही आधीचे म्हणून तुम्ही निघा' असं सांगण्यासाठी ती कधीच नव्हती. इस्रायल-पॅलेस्टाईनच्या वादात मात्र ती रोज तशीच वापरली जाते, दोन्हीकडून.

"ज्यू दोन हजार वर्षांनी परत येऊन हक्क कसा सांगतात?"

पहिला आक्षेप हा. याला उत्तर देताना आधी मान्य करायला हवं की ज्यूंचं नातं बनावट नाही. इजिप्तच्या मेर्नेप्ताह राजाचा इसवीसनपूर्व १२०८ च्या सुमाराचा शिलालेख आहे त्यात 'इस्रायल' नावाच्या लोकांचा उल्लेख येतो. जेरुसलेमचं दुसरं मंदिर रोमन सैन्याने इसवीसन ७० मधे पाडलं, मग १३२ ते १३५ बार कोखबा या ज्यू नेत्याचं बंड, ते चिरडल्यावर रोमन बादशहा हेड्रियनने ज्युडिया प्रांताचं नाव बदलून सीरिया पॅलेस्टिना केलं आणि ज्यूंना जेरुसलेममधे यायला बंदी घातली.

पण त्या दिवशी सगळे ज्यू उचलून देशाबाहेर फेकले असं जे चित्र आपल्या डोक्यात असतं ते बरोबर नाही. बरेच मारले गेले, बरेच गुलाम म्हणून विकले गेले, बरेच त्याच्याही आधीपासून अलेक्झांड्रिया, रोम, बॅबिलोन इथे राहत होते, आणि बरेच तिथेच, उत्तरेकडच्या गॅलिली भागात राहिले. इसवीसन २०० च्या सुमाराला ज्यू कायद्याचा मिश्ना हा मूळ ग्रंथ गॅलिलीतच संकलित झाला. पुढे जेरुसलेम, सफेद, तिबेरियास, हेब्रॉन इथे लहान लहान ज्यू वस्त्या शतकानुशतकं होत्या, कधी वाढल्या कधी घटल्या. हेब्रॉनच्या त्या जुन्या वस्तीवर १९२९ मधे हल्ला झाला, ६७ ज्यू मारले गेले आणि उरलेल्यांना तेव्हा तिथे राज्य करणाऱ्या ब्रिटिशांनी हलवलं. तेव्हा 'ज्यू म्हणजे १९४८ ला युरोपातून आलेले परके' हे वाक्य त्या लोकांना लागू होत नाही. आणि बाहेर राहिलेले ज्यू रोज प्रार्थनेत जेरुसलेमकडे तोंड करत होते, पाऊस कधी मागायचा ते तिथल्या ऋतूवर ठरवत होते, हे नातं कागदी म्हणता येणार नाही.

पण नातं खरं असणं आणि त्यावरून मालकी मिळणं, या दोन गोष्टींमधे खूप मोठं अंतर आहे आणि सगळी गडबड तिथेच होते. दोन हजार वर्षांच्या त्या काळात जमीन रिकामी पडून नव्हती.

"पॅलेस्टिनी नावाचे लोकच नव्हते, ते अरबस्तानातून आले"

हा दुसऱ्या बाजूचा आवडता आक्षेप, आणि आपल्याकडे फॉरवर्डमधे हाच जास्त फिरतो. इसवीसन ६३० च्या दशकात अरब सैन्याने हा भाग जिंकला हे खरं. पण सैन्य जिंकतं म्हणजे शेतकरी बदलत नाहीत. तिथे जे अरामी आणि ग्रीक बोलणारे ख्रिश्चन, ज्यू, समरितन (ज्यूंच्या जवळचा एक जुना धर्मसमाज) लोक होते त्यातले बहुसंख्य तिथेच राहिले आणि पुढच्या काही शतकांत हळूहळू अरबी बोलायला लागले, त्यातले बरेच मुसलमान झाले, काही ख्रिश्चनच राहिले आणि आजही आहेत. बेथलेहेम, नाझरेथमधले ख्रिश्चन पॅलेस्टिनी हे त्यातलेच.

आणि हे काही फक्त पॅलेस्टिनी लोकांचं म्हणणं नाही. डेव्हिड बेन-गुरियन, म्हणजे पुढे जे इस्रायलचे पहिले पंतप्रधान झाले, आणि इत्झाक बेन-झ्वी, जे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले, या दोघांनी १९१८ मधे मिळून लिहिलं होतं की इथला अरब शेतकरी हा बऱ्याच अंशी प्राचीन ज्यू शेतकऱ्याचाच वंशज आहे, धर्म बदलला पण जमीन सोडली नाही. नंतर राजकारण बदललं तसा हा मुद्दा मागे पडला. ज्यांना वाटतं की पॅलेस्टिनी मूळचे म्हटलं की ज्यूंचा दावा खोटा ठरतो, त्यांनी हे दोघं काय म्हणत होते ते जरूर बघावं.

नंतर बाहेरून कोणी आलंच नाही असंही नाही. १८३० च्या दशकात इजिप्तच्या इब्राहिम पाशाबरोबर इजिप्शियन लोक आले, पुढे बोस्नियाचे आले, कॉकेशसमधून सर्केशियन आले. १८८० च्या दशकात येमेनचे ज्यू आले, रशिया-रुमानियाचे ज्यू आले. सगळ्याच जमिनींवर असं होतं. पण ब्रिटिशांच्या १९२२ च्या जनगणनेत साडेसात लाखांच्या वर लोकसंख्या मोजली त्यात ज्यू सुमारे ८४ हजार, मुसलमान पाच लाख नव्वद हजार आणि ख्रिश्चन ७३ हजार. म्हणजे दर नऊ माणसांमागे आठ अरब. 'रिकामी जमीन होती' हे या आकड्यांसमोर टिकत नाही.

आता 'पॅलेस्टाईन नावाचा स्वतंत्र देश कधीच नव्हता' हा उरलेला मुद्दा. नव्हता, तुर्कांचं ऑटोमन साम्राज्य होतं. त्याच साम्राज्यात तेव्हा लेबनॉन, इराक, जॉर्डन हेही स्वतंत्र देश नव्हते, आणि पॅलेस्टिनी राष्ट्र म्हणून जाणीव विसाव्या शतकात घट्ट झाली हे खरंच आहे, पण ज्यू राष्ट्रवादसुद्धा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उभा राहिला, पहिली झायोनिस्ट, म्हणजे ज्यू राष्ट्रवाद्यांची परिषद बासेलला १८९७ मधे भरली. राष्ट्र ही गोष्टच जगात सगळीकडे अलीकडची आहे. घर, विहीर, ऑलिव्हची बाग, कबरस्तान या गोष्टी मात्र जुन्या असतात, आणि गेलं ते हेच.

"एकदा डीएनए करा, विषय संपवा"

डीएनएने विषय वाढतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा असं दिसलंय की पॅलेस्टिनी, लेबनीज, समरितन आणि जगभरचे बहुतेक ज्यू गट या सगळ्यांच्या वंशात प्राचीन पूर्व भूमध्य भागातल्या लोकांचा मोठा वाटा आहे, प्रत्येकात वर काहीतरी वेगळं मिसळलेलं, युरोपचं, उत्तर आफ्रिकेचं, अरबस्तानचं. म्हणजे हे एकमेकांचे लांबचे भाऊबंद आहेत. पण समजा कोणाच्या रक्तात तो वाटा साठ टक्के निघाला आणि कोणाच्या वीस, तर वीसवाल्याने जन्मलेलं घर सोडायचं? माणसाच्या हक्काचं माप रक्तातल्या टक्क्याने काढायला लागलो की आपण कुठे जातो ते विसाव्या शतकाने दाखवलंय, आणि ज्यूंनी ते सगळ्यात जास्त भोगलंय.

कोकणातले बेने इस्रायल

आता आपल्या जवळचं उदाहरण, कारण या वादातल्या दोन्ही घोषणा कुठे तोकड्या पडतात ते मला इथेच सगळ्यात स्वच्छ दिसतं.

अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायल समाजाची जुनी दफनभूमी आहे. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांचा हा समाज. नक्की कधी यावर एकमत नाही, काहीजण दोन हजार वर्षं म्हणतात. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, गावावरून पडलेली, अगदी आपल्यासारखी. घरात मराठी, सणाला मलिदा, त्यात गोड पोहे, एलियाहू हनावी या प्रेषिताच्या नावाने. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) त्यांच्यातल्याच सॅम्युअल इझेकिएल दिवेकरांनी १७९६ मधे बांधलं.

या लोकांना मूळनिवासी कुठले म्हणायचं? कोकणचे? शेकडो वर्षं तिथे राहिले, तिथली भाषा बोलले, तिथली आडनावं लावली. इस्रायलचे? त्यांची सगळी आठवण, शनिवारचा विश्राम, मुलांची नावं, सगळं तिथलं. २०१६ मधे त्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला त्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीय लोकांचा, असे दोन्ही वारसे स्पष्ट निघाले. 'एका माणसाचं मूळ एकाच ठिकाणी असतं' हे गृहीतच इथे कोसळतं.

१९४८ नंतर त्यातले बहुतेक इस्रायलला गेले, आणि तिथे त्यांना काय अनुभव आला तेही बघण्यासारखं आहे. सुरुवातीला रंगावरून भेदभाव होतो म्हणून त्यातल्या एका गटाने धरणं धरलं, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणाले, आणि १९५२ मधे ते खरंच परत आले (नंतर बरेच पुन्हा तिकडे गेले). मग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठाने फतवा काढला की बेने इस्रायलपैकी कोणी इतर ज्यूंशी लग्न करणार असेल तर त्यांच्या मागच्या पिढ्या तपासा, खरे ज्यू आहेत की नाही बघा. ज्यांनी कोकणात, शेजारी एकही धर्मगुरू नसताना, पिढ्यानपिढ्या शनिवार पाळला त्यांनी आता वंशावळीचा पुरावा द्यायचा! समाज रस्त्यावर उतरला, जेरुसलेममधे आंदोलन झालं, आणि १९६४ मधे इस्रायलच्या संसदेने जाहीर केलं की बेने इस्रायल हे सर्व बाबतीत पूर्ण ज्यू आहेत, मग धर्मपीठाला मागे यावं लागलं. आज इस्रायलमधल्या दिमोना, अशदोद, बीरशेवा, लोद इथे मराठी बोलणारी घरं आहेत, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघत होतं.

'इस्रायली ज्यू म्हणजे गोरे युरोपियन वसाहतवाले' असं जे म्हणतात त्यांनी दिमोनाच्या कारखान्यात कामाला लागलेला पेणकर या चित्रात बसवून दाखवावा. तो कुठल्या साम्राज्याने पाठवलेला नव्हता, त्याला वाळवंटातल्या नव्या वसवलेल्या गावात नेऊन सोडलं होतं. बगदादच्या ज्यूंचंही तसंच. ते तर अरब तिथे पोचायच्या हजार वर्षं आधीपासून इराकमधे होते, तरी १९४१ ची दंगल, मग कायदे, मग जप्ती, आणि १९५०-५१ मधे सव्वा लाखाच्या आसपास लोक विमानाने इस्रायलला. अरब आणि मुस्लिम देशांतून असे एकूण आठ लाखांवर ज्यू निघाले, त्यातले बहुतेक इस्रायलला आले. त्यांच्या नातवंडांना 'जिथून आलात तिथे जा' म्हणायचं तर नक्की कुठे?

पण नाण्याची दुसरी बाजू याच उदाहरणात आहे आणि ती टाळून चालणार नाही. इस्रायलच्या १९५० च्या परतीच्या कायद्याने जगातला कुठलाही ज्यू तिथे उतरला की नागरिक होऊ शकतो. म्हणजे पेणमधे जन्मलेला, ज्याच्या घराण्यात कित्येक शतकांत कोणी इस्रायलमधलं हैफा शहर बघितलं नव्हतं, त्याला दार उघडं. आणि जो हैफामधेच जन्मला, १९४८ मधे आईच्या कडेवर लेबनॉनला गेला, ज्याच्याकडे घराची किल्ली आणि कागद दोन्ही आहेत, त्याला दार बंद. यात पेणकरांची काही चूक नाही. पण प्राचीन मूळ मोजायचं आणि कालचं मूळ मोजायचं नाही, असा कायदा कोणी केला तर तो न्याय वाटत नाही, आणि तो न्याय नाहीच.

"मग याला वसाहतवाद म्हणायचं की नाही?"

इथे एक अवघड शब्द येतो, सेटलर वसाहतवाद. ब्रिटिश आपल्याकडे आले ते राज्य करायला, कर गोळा करायला, पण इंग्लंडहून शेतकरी आणून वसवले नाहीत. ऑस्ट्रेलियात मात्र वसवले आणि तिथल्या लोकांना बाजूला सारलं. हा दुसरा प्रकार म्हणजे सेटलर वसाहतवाद. पॅलेस्टाईनमधे जे झालं ते यात बसतं का, यावर अभ्यासकांत जोरदार वाद आहे. बसतं म्हणणारे बाल्फोर जाहीरनामा दाखवतात, २ नोव्हेंबर १९१७, ब्रिटिशांनी तिथल्या बहुसंख्यांना न विचारता ज्यूंना राष्ट्रीय घर कबूल केलं. बसत नाही म्हणणारे सांगतात की आलेले लोक छळातून पळालेले होते, मागे परत जायला मायदेश नव्हता, आणि जागा त्यांच्या आठवणीतली होती. मला दोन्हीत तथ्य दिसतं. पळून आलेला माणूस आणि त्याच्या येण्याने उठवला गेलेला माणूस, दोघंही एकाच वेळी खरे असू शकतात.

उठवलं कसं गेलं हे मात्र कोकणातल्या माणसाला पटकन कळेल. आपल्याकडे खोत आणि कूळ होतं ना, जमीन कसायची कुळाने आणि कागदावर नाव खोताचं, तसंच काहीसं तिथे झालं. ऑटोमन सरकारने १८५८ मधे जमिनीचा कायदा करून नोंदणी सक्तीची केली, शेतकऱ्यांना वाटलं नाव लावलं की कर वाढेल आणि पोरगा सैन्यात जाईल, म्हणून बऱ्याच ठिकाणी नाव लागलं शहरातल्या बड्या घराण्यांचं. पुढे १९२० च्या दशकात बैरूतच्या सुरसोक घराण्याने जेझरील खोऱ्यातली मोठी जमीन ज्यू संस्थांना विकली. व्यवहार कायदेशीर, पैसे मोजून, आणि पिढ्यानपिढ्या कसणारी कुळं बाहेर. आपल्याकडे निदान नंतर कूळकायदा आला, खोती गेली. तिथे तसं काही झालं नाही, तिथे १९४८ आलं.

१९४७ मधे संयुक्त राष्ट्रांनी फाळणीची योजना मांडली. तेव्हा ज्यू साधारण एक तृतीयांश होते आणि योजनेत त्यांच्या राज्याला निम्म्याहून जास्त जमीन होती. ज्यू नेतृत्वाने मान्य केली, अरबांनी नाकारली, भारतानेही विरोधात मत दिलं. युद्ध पेटलं, शेजारचे अरब देश उतरले, आणि ते संपेपर्यंत सात लाखांवर पॅलेस्टिनी घराबाहेर होते, काही जिवाच्या भीतीने पळालेले, काही सैन्याने हुसकावलेले. त्यांना परत येऊ दिलं नाही आणि १९५० च्या गैरहजर मालमत्ता कायद्याने त्यांच्या जमिनी सरकारी ताब्यात गेल्या.

"सगळेच कुठून ना कुठून आले, मग आदिवासींचाही दावा पोकळ?"

नाही, आणि हे नीट सांगायला हवं, कारण वरचं सगळं वाचून कोणी असा निष्कर्ष काढेल की मूळनिवासी वगैरे काही नसतंच. आपल्याकडे 'सगळेच मूळनिवासी' या सरकारी भूमिकेचा परिणाम असा की भारत सरकार आंतरराष्ट्रीय पातळीवर आदिवासींना वेगळा मूळनिवासी समाज म्हणून मान्यता देत नाही. तरीही देशातल्या कायद्याने त्यांचा हक्क मान्य केलाच. २००६ च्या वनहक्क कायद्यात अनुसूचित जमातींना १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन ताब्यात असल्याचं दाखवावं लागतं, इतर पारंपरिक वनवासींना तीन पिढ्यांचं, म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य. कोणी पाच हजार वर्षांचा पुरावा मागितला नाही. तू इथे राहतोस, या जंगलावर जगतोस, आणि तुझ्यावर अन्याय झालाय, एवढं पुरतं.

आता हेच माप इस्रायलच्या दक्षिणेतल्या नेगेवच्या वाळवंटातल्या बेदुईनांना लावून बघा. हे अरबी बोलणारे, पूर्वी गुरं घेऊन फिरणारे लोक, इस्रायलचे नागरिक, आज तीन लाखांच्या आसपास. त्यांची तीसेक गावं सरकार मानतच नाही म्हणून तिथे वीज-पाणी नाही, घरं पाडली जातात, अल-अराकीब नावाचं गाव २०१० पासून शेकडो वेळा पाडलं गेलंय आणि पुन्हा उभं राहिलंय. एका बेदुईन कुटुंबाने जमिनीवर दावा केला, तो २०१५ मधे इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला, त्यात त्याच १८५८ च्या ऑटोमन कायद्याचा आधार होता, की ही पडीक जमीन, कायम वस्ती आणि नोंद नाही म्हणून ती सरकारची. मार्तिनेझ कोबोंच्या व्याख्येत चपखल बसणारं कोणी या सगळ्या वादात असेल तर ते बेदुईन, आणि त्यांच्यावर पोस्ट क्वचितच दिसते. आमचे पूर्वज तीन हजार वर्षांपूर्वी इथे होते म्हणणाऱ्या सरकारने दोनशे वर्षांची वहिवाट असलेल्या माणसाला 'तू भटक्या' म्हणून उठवावं, याचा मला मनापासून राग येतो.

"मग ठरवायचं कशावरून?"

आज भूमध्य समुद्र ते जॉर्डन नदी या पट्ट्यात साधारण सत्तर लाख ज्यू आणि सत्तर लाख पॅलेस्टिनी राहतात. इस्रायलमधल्या ज्यूंपैकी बहुसंख्य तिथेच जन्मलेत. दोघांनाही दुसरीकडे घर नाही. इथून सुरुवात केली तर प्रश्न बदलतात आणि उत्तरं शोधता येतात असे होतात. कोणाला कधी उठवलं, कागद काय आहेत, भरपाई कशी, मतदान कोणाला, सैन्य कोणाच्या दारात.

इक्रितचं बघा. लेबनॉन सीमेजवळचं ख्रिश्चन पॅलेस्टिनी गाव. १९४८ च्या नोव्हेंबरात सैन्याने सांगितलं थोड्या दिवसांसाठी गाव सोडा. लोक इस्रायलमधेच राहिले, नागरिक झाले, कोर्टात गेले, आणि १९५१ मधे सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी ऐन नाताळात सैन्याने चर्च सोडून सगळं गाव पाडलं. या केसमधे दाविद राजा लागत नाही, कनानी लागत नाहीत, डीएनए लागत नाही. माणसं, तारीख, आदेश, निकाल, सगळं नोंदलेलं आहे.

इस्रायलने १९६७ च्या युद्धात ताब्यात घेतलेल्या वेस्ट बँकमधल्या इस्रायली वस्त्यांचंही तसंच. पूर्व जेरुसलेम सोडून तिथे पाच लाखांच्या आसपास इस्रायली राहतात आणि त्यातले कित्येकजण म्हणतात आम्ही मूळनिवासी, हा जुना ज्युडिया आमचाच. प्राचीन काळी होताही. पण आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला जे मत दिलं की इस्रायलचं तिथलं अस्तित्व बेकायदेशीर आहे, ते प्राचीन इतिहास नाकारून दिलेलं नाही. बळाने घेतलेला प्रदेश आपला करता येत नाही आणि तिथल्या लोकांना स्वतःचं सरकार निवडायचा हक्क आहे, हे आजचे नियम आहेत, ते सगळ्यांना सारखे. हाच नियम उलट्या बाजूलाही लागतो. तेल अवीवमधे जन्मलेल्या मुलीला 'तुझे आजोबा पोलंडचे' म्हणून मारण्याचा किंवा हाकलण्याचा हक्क कुठल्याही मुक्तीच्या लढ्याला मिळत नाही, आणि ७ ऑक्टोबरला जे मारले गेले त्यांच्याबद्दल 'सेटलरच होते ना' असं लिहिणाऱ्यांनी त्या शब्दाने माणसं मारणं सोपं करून टाकलं.

"म्हणजे सगळे निर्वासित परत आले पाहिजेत का?" हा शेवटचा आणि खरोखर अवघड प्रश्न. आमसभेचा १९४ क्रमांकाचा ठराव, डिसेंबर १९४८ चा, म्हणतो की शांततेने राहायला तयार असलेल्या निर्वासितांना परत येऊ द्यावं आणि जे येणार नाहीत त्यांना भरपाई द्यावी. इस्रायलला भीती की लाखो लोक परत आले तर ज्यू बहुसंख्य राहणार नाहीत, आणि होलोकॉस्टनंतर (नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारानंतर) ही भीती खोटी नाही. पॅलेस्टिनींना वाटतं हा हक्क सोडला तर १९४८ मधे काही घडलंच नाही असं होईल. जानेवारी २००१ मधे इजिप्तच्या ताबा शहरात दोन्ही बाजू बसल्या तेव्हा त्यांनी टेबलावर पाच पर्याय ठेवले होते : काहींनी इस्रायलमधे परतायचं, काहींनी अदलाबदलीत मिळणाऱ्या जमिनीवर, काहींनी नव्या पॅलेस्टाईन राज्यात, काहींनी आहेत त्या देशात नागरिकत्व घेऊन राहायचं, काहींनी तिसऱ्या देशात, आणि सोबत भरपाईचा निधी. मोठा वाद उरला होता तो आकड्यावर, म्हणजे इस्रायलमधे किती जणांना घ्यायचं यावर. बोलणी करार न होताच थांबली, कारण फेब्रुवारीत इस्रायलमधे निवडणूक होती, आणि त्या निवडणुकीत सरकार बदललं.